दिवेलागणीला मिटणारा काट्याचा कॅमेरा: एका साखर कारखान्यातलं पीओईचं प्रकरण

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची ट्रॉली चढते, आकडा नाचून नाचून स्थिर होतो, काटा क्लार्क पावती काढतो आणि गाडी ऊस रिकामा करायच्या गव्हाणीकडे सरकते. जेमतेम दीड-दोन मिनिटं. शेतकऱ्याच्या बारा-पंधरा महिन्यांच्या कष्टाचं मोल तेवढ्या वेळात कागदावर येतं. तेवढ्यासाठीच काट्यावर कॅमेरा बसवलेला असतो. तो कॅमेरा रोज दिवेलागणीनंतर, गाड्यांची रांग सगळ्यात लांब असताना, बंद पडायला लागला तर यार्डात कोणता शब्द फिरेल हे वेगळं सांगायला नको. काटामारी.

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं आहे. नाव लिहीत नाही. तिथे झाला तो बिघाड कुठल्याही सोसायटीत, शाळेत, बाजार समितीत होऊ शकतो, आणि होतो. मी नेटवर्कची कामं करतो. त्यातही कॅमेरे, फोन आणि वाय-फायच्या डब्यांना इथरनेटच्याच केबलमधून वीज देण्याचं, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेटचं, आमच्या बोलण्यात पीओईचं काम जास्त. डिसेंबरच्या मध्यावर, हंगाम ऐन भरात असताना, तिथल्या शेतकी अधिकाऱ्यांचा फोन आला. "त्या कॅमेऱ्याचं काय ते एकदाचं बघा. काट्यावर रोज वाद व्हायला लागलेत," एवढंच म्हणाले.

मी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि सगळे कॅमेरे व्यवस्थित चालू होते. रांगेत थांबलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने माझ्या हातातलं केबलला जॅक मारायचं क्रिम्पिंग टूल पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, आत्ता काय बघताय? दिवं लागल्यावर बघा. दिवं लागलं की डोळं मिटतंय ते." ते वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. बिघाडाची तक्रार करणारा माणूस वेळ सांगत असेल, तर त्या वेळेला सगळ्यात जास्त किंमत द्यायची असं मी शिकलोय.

आधी काय काय बदलून झालं होतं

माझ्या आधी दोघे येऊन गेले होते. पहिल्याने कॅमेराच बदलला. नवा कॅमेरा दोन दिवसांनी तसाच मिटायला लागला. मग जॅक नव्याने मारले. मग कोणीतरी म्हणालं की रात्री गिरणी पूर्ण जोरात चालते, व्होल्टेज खालीवर होत असणार, म्हणून स्विचच्या, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबली जिथे येतात त्या डब्याच्या, रॅकमध्ये मोठा यूपीएस आला. त्यानेही काही झालं नाही. शेवटी दुसऱ्या माणसाने काट्यापर्यंतची पूर्ण केबल बदलायचं कोटेशन दिलं होतं आणि ते मंजुरीला टेबलावर पडून होतं.

दरम्यान काट्यावरच्या क्लार्कला कारणे दाखवा नोटीस मिळाली होती. पंचविशीतला मुलगा, हंगामी कामगार. त्याच्या खोलीत त्याच्या हाताशी स्विच नाही, रॅकची किल्ली नाही, कॅमेऱ्याचा प्लग नाही. तरी कॅमेरा काट्याचा म्हणून संशय काट्यावरच्या माणसावर. मी रॅक उघडत असताना तो मागे येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, माझ्याकडं एक वही आहे. बघाल का?" त्या वहीबद्दल पुढे सांगतो, कारण या प्रकरणाची किल्ली तीच ठरली.

रॅकमध्ये २४ पोर्टचा, म्हणजे केबल टोचायच्या २४ जागांचा, एक पीओई स्विच होता. पोर्ट १ ते १२ वर यार्ड, गेट आणि गव्हाणीकडचे बुलेट, म्हणजे एकाच दिशेला रोखलेले नळीसारखे कॅमेरे. १३ आणि १४ वर खांबावरचे दोन फिरते, म्हणजे पीटीझेड कॅमेरे. १५ वर ऑफिसच्या वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, १६ ते १८ वर तीन आयपी फोन. १९ आणि २० रिकामे. काट्याचे दोन कॅमेरे, एक गाडीच्या नंबरावर आणि एक काट्याच्या फलाटावर, सगळ्यांत शेवटी बसवले म्हणून २१ आणि २२ वर. ही क्रमवारी लक्षात ठेवा. स्विचच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: प्रत्येक पोर्टला ३० वॅट. खाली बारीक अक्षरांत दुसरा आकडा होता: पीओईसाठी एकूण १९० वॅट.

२४ पोर्ट गुणिले ३० म्हणजे ७२० वॅट होतात. स्विचच्या पोटातला वीजपुरवठा त्याच्या जवळपास चौथ्या हिश्श्याचा. यात कंपनीने कोणाला फसवलेलं नाही. सगळे पोर्ट एकाच वेळी पूर्ण ताकद ओढत नाहीत असं गृहीत धरून स्विच बनतात, आणि बहुतेक ठिकाणी ते खरंही असतं. पण विकत घेताना लोक मोठं अक्षर वाचतात आणि बसवणारेही तेच वाचतात, ही या धंद्यातली मोठी खंत आहे. बाहेरून कितीही मोठा यूपीएस जोडा, आतला १९० चा आकडा एका वॅटने वाढत नाही. तो स्विचच्या स्वतःच्या सप्लायचा आकडा आहे.

स्विच वीज कशी मोजून देतो

पुढचं समजायला थोडं मागे जावं लागेल. इथरनेटच्या केबलमधून वीज द्यायचं पहिलं अधिकृत मानक आयईईई ८०२.३एएफ हे २००३ चं. त्यात स्विचच्या तोंडाशी पोर्टमागे १५.४ वॅट आणि केबलमधली घट धरून उपकरणाला १२.९५ वॅट मिळण्याची हमी. २००९ च्या ८०२.३एटी मानकात तेच ३० आणि २५.५ झाले. २०१८ च्या ८०२.३बीटीने चारही जोड्या वापरून ते ९० वॅटपर्यंत नेलं. कारखान्यातला स्विच मधल्या पिढीचा होता.

चांगला पीओई स्विच केबलमध्ये आंधळेपणाने वीज सोडत नाही. आधी १० व्होल्टच्या आतला हलका दाब देऊन पाहतो की पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा ठरावीक रोध आहे का. ती खूण असली तरच पलीकडे पीओई घेणारं उपकरण आहे असं मानतो. साध्या लॅपटॉपची केबल त्या पोर्टला लावली तरी तो जळत नाही तो यामुळे. मग दाब १५ ते २० व्होल्टच्या दरम्यान नेऊन उपकरणाला विचारतो, तुझा वर्ग कोणता? उपकरण ठरावीक करंट ओढून उत्तर देतं. वर्ग १ म्हणजे ४ वॅट, वर्ग २ म्हणजे ७, वर्ग ३ म्हणजे १५.४, वर्ग ४ म्हणजे ३०. वर्ग ० म्हणजे काहीच न सांगितलेला, म्हणून त्यालाही १५.४ धरतात. मगच ५० व्होल्टच्या आसपासची खरी वीज सुटते.

आता खरा प्रश्न. स्विचने हिशेबात काय धरायचं, उपकरणाने सांगितलेला वर्ग की प्रत्यक्ष ओढलेली वीज? दोन्ही पद्धती असतात. वर्गाप्रमाणे धरलं तर या कारखान्याचा हिशेब असा होतो: १४ बुलेट कॅमेरे वर्ग ० चे, २१५.६ वॅट. दोन पीटीझेड वर्ग ४ चे, ६०. अ‍ॅक्सेस पॉइंट १५.४. तीन फोन वर्ग २ चे, २१. बेरीज ३१२. स्विचकडे १९०. म्हणजे या पद्धतीत शेवटचे कॅमेरे पहिल्या दिवशीच लागले नसते.

आणि बहुधा तसंच झालं असणार. बसवणाऱ्याने सेटिंग बदलून प्रत्यक्ष वापराप्रमाणे हिशेब चालू केलेला मला दिसला. तसं केल्याबरोबर सगळे कॅमेरे लागले असतील. कामाच्या पूर्तता पत्रावर वेळ लिहिलेली होती: सकाळी ११.३०. त्या वेळी उन्हात उभ्या असलेल्या बुलेट कॅमेऱ्याला ५ वॅट पुरतात. अंधार पडला की त्याच्या तोंडाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. डोळ्याला दिसत नाहीत, जवळ गेल्यास फिकट लालसर ठिपके दिसतात, पण त्यांच्यामुळे कॅमेऱ्याला लागणारी वीज मात्र जवळपास दुप्पट होते. माझ्या मते या एका कागदावरच्या एका वेळेत सगळं प्रकरण सामावलेलं आहे. रात्रीसाठी बसवलेल्या यंत्रणेची परीक्षा दिवसा घेतली गेली.

केबलचा संशय, आणि तो का सोडला

हे सगळं मला पहिल्या दिवशी कळलं असं मात्र नाही. पहिल्या दिवशी मीही केबलच तपासली, कारण आपल्याकडे केबलवर संशय घ्यायला भरपूर जागा असते. तांब्याच्या नावाखाली अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास विकली जाते. ब्लेडने तारेवर हलकेच खरवडलं की आतून पांढरी चकाकी दिसते. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असू शकतो, आणि पीओईत तारेतून वीज जात असल्याने तो रोध थेट उष्णतेत आणि दाबाच्या घटीत जातो.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकत्र पिळायच्या आणि जवळच्या टोकाला त्याच दोन तारांवर मल्टिमीटर लावायचा. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला सुमारे ८.४ ओहम असतो. काट्यापर्यंतची केबल ९२ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन साधारण १५.५ ओहम यायला हवेत. मीटरने १५.९ दाखवले. केबल चोख तांब्याची होती. पीओईत करंट एका जोडीच्या दोन्ही तारांतून एकत्र जातो आणि दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारांतून परत येतो, म्हणून प्रत्यक्षात मार्गातला रोध या आकड्याच्या निम्मा, ८ ओहम. रात्री ९.५ वॅट ओढणाऱ्या कॅमेऱ्याचा करंट ५३ व्होल्टला १८० मिलिअँपिअरच्या आसपास. वाटेत जातात दीड व्होल्टच्या आत आणि पाव वॅट वीज. कॅमेऱ्यापर्यंत ५१ व्होल्टच्या वर पोचतात, मानकाप्रमाणे त्याला ३७ व्होल्टलाही चालायला हवं. केबल बदलायचं कोटेशन मी त्याच संध्याकाळी शेतकी अधिकाऱ्यांना बाजूला ठेवायला सांगितलं.

खरी खराब केबल दुसरीकडे निघाली. खांबावरच्या दोन्ही पीटीझेडना ८५ मीटरच्या आसपास केबल होती आणि मीटर २३ ओहम दाखवत होता. तांब्याला १४ च्या थोडं वर यायला हवेत. खरवडलं, पांढरी निघाली. मार्गातला रोध ११.५ ओहम, म्हणजे कॅमेरा पूर्ण जोरात असताना प्रत्येक केबलमध्ये जवळपास २ वॅट नुसते तापण्यात जात होते.

इथे मी जरा थांबून सांगतो, कारण हे मला आजही अस्वस्थ करतं. समजा काट्याच्या ऐवजी पीटीझेडच्या केबली कोणी आधी बदलल्या असत्या. दोन्ही मिळून सव्वा वॅटच्या आसपास वाचले असते. पुढच्या आकड्यांवरून दिसेल की तेवढ्याने काट्याचा कॅमेरा बहुतेक रात्री चालू राहिला असता आणि सगळ्यांनी बिघाड सापडला म्हणून सुटकेचा श्वास टाकला असता. मग कधीतरी एखाद्या रात्री तो पुन्हा मिटला असता, आणि तेव्हा त्या मुलाचं कोणीच ऐकलं नसतं.

वही आणि घड्याळ

काटा क्लार्कची वही शंभर पानी होती. त्याने काट्यावरच्या स्क्रीनवर चित्र गेलं की वेळ, परत आलं की वेळ, आणि त्या वेळी काट्यावर असलेल्या गाडीचा नंबर अशी नोंद महिनाभर ठेवली होती. नीट अक्षर, कुठे खाडाखोड नाही. ६.४८ गेला, ६.५० आला. ७.२१ गेला, ७.२३ आला, ७.२४ परत गेला. काही रात्री दोन नोंदी, काही रात्री अकरा. दिवसाची एकही नाही. एका रविवारी रात्रभर एकही नाही.

ही वही मी स्विचच्या लॉगशी, म्हणजे त्याने आपोआप ठेवलेल्या नोंदींशी, ताडायला घेतली आणि अडलो. लॉगमध्ये नोंदी होत्या, "पोर्ट २२, वीज बंद, एकूण मर्यादा ओलांडली" अशा अर्थाच्या शेकडो ओळी. पण तारीख १ जानेवारी १९७० पासून सुरू होणारी. स्विचला खरी वेळ कुठून घ्यायची हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तो चालू झाल्यापासून आपल्याच शून्यापासून मोजत होता. म्हणूनच आधीच्या दोघांना लॉग पाहूनही काही उमगलं नसावं. पुरावा होता, पण तो कोणत्याही खऱ्या संध्याकाळशी जुळत नव्हता.

मी वेळ लावून दिली, नेटवर्कवरून आपोआप जुळेल अशी व्यवस्था केली, आणि लॅपटॉपवरून दर मिनिटाला स्विचचा एकूण वापर वाचायला लावला. पीओई स्विचकडून हे आकडे मागण्याची ठरलेली पद्धत २००३ पासून आहे, आरएफसी ३६२१ या दस्तऐवजात: सप्लाय किती, वापर किती, कोणत्या पोर्टला प्राधान्य किती, किती टक्क्यांना इशारा द्यायचा. व्यवस्थापन करता येणाऱ्या बहुतेक स्विचांत ती असते. वापरतं फार थोडे जण.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आकडा ११४ वॅट होता. साडेपाचनंतर शेडखालच्या कॅमेऱ्यांचे दिवे लागायला लागले, १२३, १३२. सूर्य मावळला, एकेक कॅमेरा रात्रीच्या डोळ्याने बघायला लागला आणि आकडा पायऱ्या चढत गेला. पावणेसातला १८७ वर येऊन थांबला. मर्यादा १९०. काट्याचा कॅमेरा चालूच होता. मी, क्लार्क आणि शेतकी अधिकारी स्क्रीनसमोर बसून होतो.

६.५७ ला यार्डात दोन ट्रॅक्टर अडकले, आरडाओरडा झाला. आकडा १९१ झाला. काट्याच्या फलाटाचं चित्र काळं पडलं.

मी पळत सिक्युरिटी केबिनमध्ये गेलो. तिथे वयस्कर वॉचमन पीटीझेडची दांडी फिरवून अडकलेल्या गाड्यांवर कॅमेरा नेत होते. "मामा, आत्ता काय केलंत तुम्ही?" मी विचारलं. ते गोंधळले. "काय नाय, गाडी कुठं अडकलीय ते बघतोय. रोजच बघतो की."

तेच होतं. पीटीझेड रात्री गप्प उभा असला की १८ वॅट घेतो. फिरवला, झूम केला की मोटर आणि लांब पल्ल्याचे दिवे मिळून २२ च्या आसपास. एक कॅमेरा फिरला की १९१, दोन्ही फिरले की १९५. मर्यादा ओलांडली की स्विचला कोणाला तरी वीज बंद करावीच लागते, आणि कोणाची करायची हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्या पोर्टांचं प्राधान्य स्विच बनवणाऱ्या कंपनीकडून आलं तसंच, सारखं. प्राधान्य सारखं असलं की बहुतेक स्विच मोठ्या नंबरच्या पोर्टची वीज आधी तोडतात. मोठा नंबर २२. काट्याचा फलाट.

मग पोर्ट २२ बंद झाल्याने आकडा १८१ च्या आसपास येतो. स्विचला वाटतं जागा झाली. तो पुन्हा २५ हजार ओहमची खूण शोधतो, वीज देतो. कॅमेरा जागा होताना ५ वॅटच घेतो, म्हणून बसतो. मिनिटभरात सुरू होतो, अंधार ओळखतो, दिवे लावतो, साडेनऊवर जातो. मामा अजून यार्डातच बघत असतील तर आकडा पुन्हा १९१. पुन्हा बंद. वहीतली ७.२१, ७.२३, ७.२४ ही ओळ अशी तयार झाली होती. प्रत्येक उघडझापीत दीड-दोन मिनिटं जायची, म्हणजे एक पूर्ण वजन.

रात्री आम्ही एनव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली, पीटीझेड कधी हलवला याची नोंद काढली. तिचं घड्याळ बरोबर होतं. वहीतल्या नोंदी शेजारी ठेवून ताडल्या. महिनाभराच्या जवळजवळ प्रत्येक वेळेच्या आधीच्या मिनिटाला कोणीतरी पीटीझेड हलवलेला होता. रविवारी मामांची सुट्टी होती आणि बदली माणसाला ती दांडी वापरता येत नव्हती. शेतकी अधिकारी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही उचलून त्यांनी क्लार्कला विचारलं, "ही मला आधी का नाही दाखवलीस?" तो म्हणाला, "दाखवली होती साहेब."

काय केलं

पहिलं काम त्याच रात्री दहा मिनिटांत झालं: प्राधान्य. काट्याचे दोन्ही कॅमेरे आणि गेटचा कॅमेरा सर्वोच्च. सिक्युरिटी केबिनचा फोन त्याखालोखाल. यार्डाचे कॅमेरे सर्वांत खाली, आणि ऑफिसचं वाय-फायही खालीच. याने वीज वाढली नाही. पण वीज कमी पडली तर काय विझायचं हे आता माणसांनी ठरवलेलं होतं. ते कोणी ठरवायचं यावर मी जरा आग्रह धरला. मी बाहेरचा माणूस, काट्यापेक्षा गेट मोठं की गव्हाण मोठी हे मी ठरवणं बरोबर नव्हतं. शेतकी अधिकाऱ्यांनी, सुरक्षा विभागाने आणि काट्यावरच्यांनी मिळून यादी केली आणि ती रॅकच्या दारावर आतून चिकटवली. माझ्या अनुभवात पीओईच्या कामातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा भाग आहे.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पीटीझेड स्विचच्या विजेवरून काढले. त्यांना ८०२.३एटीचे दोन वेगळे इंजेक्टर लावले, त्याच यूपीएसवर. इंजेक्टर म्हणजे स्विच आणि केबल यांच्या मध्ये बसणारा डबा: एका बाजूने नुसता डेटा घेतो, दुसऱ्या बाजूने डेटा आणि वीज देतो. बाजारात २४ व्होल्टचे स्वस्त डबे मिळतात, जे समोर कोण आहे हे न विचारता वीज सोडतात. ते मी लावले नाहीत, आणि कोणी लावू नयेत. रात्रीचा आकडा १९५ वरून १५१ वर आला. पीटीझेडच्या केबली हंगाम चालू असल्याने महिन्याभराने, गाड्यांची गर्दी नसलेल्या एका दुपारी, तांब्याच्या केल्या.

इंजेक्टरचा एक तोटा आहे आणि तो मी अहवालात लिहिला. पीटीझेड अडकला तर आता ऑफिसमध्ये बसून त्याची वीज बंद-चालू करता येत नाही, कोणीतरी रॅकपर्यंत चालत जायला लागतं. कायमचा उपाय म्हणजे ३७० वॅटचा स्विच, आणि तो हंगाम संपल्यावर घ्या असं सुचवलं. चालू हंगामात पूर्ण यंत्रणा उतरवून नवी चढवणं, तेही रोज यार्ड भरलेलं असताना, मला धोक्याचं वाटलं. काहींना हे अर्धवट काम वाटलं असेल. मला तसं वाटत नाही.

इशाऱ्याची मर्यादा ८५ टक्क्यांवर ठेवली, म्हणजे वापर १६१ वॅटच्या पुढे गेला की ऑफिसला संदेश जातो. आणि पोर्ट १९ व २० वर लाल टेप लावला. रिकामं पोर्ट दिसलं की कोणीतरी येऊन एक कॅमेरा आणखी टोचतो, दिवसा, आणि तो लगेच चालतो.

अहवालात काय लिहिलं, काय नाही

अहवाल मराठीत लिहिला. शेतकी अधिकाऱ्यांनी इंग्रजीत मागितला होता, पण मी म्हटलं की हा संचालक मंडळापुढे जाईल आणि शेतकऱ्यांनाही वाचायला मिळाला पाहिजे. ते लगेच कबूल झाले. त्यात मी स्पष्ट लिहिलं की कॅमेरा बंद पडण्याचं कारण स्विचच्या विजेची मर्यादा हे होतं. काट्यावरच्या कोणत्याही माणसाच्या हाताशी तो बंद करण्याचं साधन नव्हतं. सिक्युरिटीच्या माणसाने त्याचं नेमून दिलेलं काम केलं होतं. जोडीला वहीच्या पानांच्या झेरॉक्स लावल्या.

एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही, कारण ती लिहिता येण्यासारखी नव्हती: त्या काळ्या मिनिटांत काट्यावर उभ्या असलेल्या गाड्यांची वजनं बरोबर होती का. कॅमेरा का मिटला हे मी सांगू शकतो. त्या वेळी काय झालं हे कुठलंही चित्र आता सांगणार नाही. मंडळापुढे एका सभासद शेतकऱ्याने हाच प्रश्न विचारला, आणि मी त्यांना हेच उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. होण्यासारखं नव्हतंच.

क्लार्कची नोटीस आठवडाभराने लेखी मागे घेतली गेली. जाण्याआधीच्या संध्याकाळी मी त्याच्या खोलीत बसलो होतो. मामांना मुद्दाम दोन्ही पीटीझेड फिरवायला सांगितले, पूर्ण झूम, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लॅपटॉपवर आकडा १५१ वरून हलला नाही. स्क्रीनवर काट्याचा फलाट राखाडी-पांढऱ्या रंगात स्वच्छ दिसत होता, मोळ्यांची पाचट वाऱ्याने हललेलीसुद्धा दिसत होती. क्लार्कने आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली, पावती काढली, आणि सवयीने वही उघडून घड्याळ पाहिलं. लिहायला काही नव्हतं. त्याने नुसती तारीख टाकली.